शेजारची खुर्ची

मामा चिपळूणला राहतो आणि पुण्यातल्या एका आयटी कंपनीसाठी घरून काम करतो. वय ४७, कंपनीत १८ वर्षं, हाताखाली १४ जणांची टीम. भाची पुण्यातच दुसऱ्या एका कंपनीत आहे. तिनं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष घरात बसून संपवलं आणि २०२१ च्या पावसाळ्यात नोकरीही घरातच सुरू केली. लॅपटॉप कुरिअरनं आला. ज्यांच्याबरोबर काम करायचं ती माणसं पहिलं वर्षभर प्रत्यक्ष दिसली नाहीत. आता तिच्या कंपनीत आठवड्याला तीन दिवस ऑफिस सक्तीचं आहे. तिला ते पाच दिवस हवं आहे, आणि सगळ्यांसाठी हवं आहे. मामाला कायम घरून काम करायची परवानगी आहे आणि ती काढून घेतली, तर तो नोकरी सोडणार आहे.

घरून काम करण्याचा वाद बहुधा मालक आणि नोकर यांच्यात लावून दिला जातो. मालकाला माणसं डोळ्यांसमोर हवीत, नोकराला मोकळीक हवी, आणि तिथेच चर्चा संपते. मला जो ताण महत्त्वाचा वाटतो तो नोकरदारा-नोकरदारांतला आहे. ज्याचं शिकून झालंय त्याची सोय आणि ज्याला अजून शिकायचंय त्याची गैरसोय एकाच निर्णयातून येते, आणि तो निर्णय घेताना दुसरा माणूस तिथे हजर नसतो. म्हणून मी ही दोघं कल्पिली आणि त्यांना एका घरात आणून बसवलं. त्यांच्या बोलण्यातले अभ्यास, कायदे आणि आकडे मात्र खरे आहेत. भाची आजीला भेटायला आली आहे. आजी म्हणजे मामाची आई. तिचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला एकटीला उठता येत नाही.

मामा : तू पाच दिवस ऑफिस मागतेस, हे मला खरंच कळत नाही. मी १३ वर्षं कोथरूड ते हिंजवडी केलं. चांदणी चौकात अडकायचं, मग वाकडच्या पुलाखाली अडकायचं, आणि फेज थ्रीला पोचेपर्यंत अर्धी ताकद तिथेच गेलेली असायची. संध्याकाळी परत तेच. मुलगा सकाळी झोपलेला असायचा, रात्री झोपायला निघालेला. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, ते वर्ष भयंकरच होतं. पण दिवस माझ्या हातात आला तो तेव्हा. आज आईला सकाळी मी उठवतो, औषधं मी देतो, दुपारी फिजिओथेरपीवाला येतो तेव्हा मी शेजारी असतो. हे पुण्यातून कसं केलं असतं?

भाची : नसतं करता आलं. तू इथे आहेस म्हणून माझी आई पुण्यात निर्धास्त झोपते, तेही मला माहीत आहे. तुझा दिवस वाचला यावर माझं भांडण नाहीच. पण त्या १३ वर्षांत तू तिथे बसून काय काय घेतलंस, ते तू हिशेबात धरत नाहीस.

मामा : मी काम केलं आणि पगार घेतला.

भाची : तू शिकलास, मामा. माझं पहिलं वर्ष सांगते. टीममध्ये नऊ जण. कॅमेरे कायम बंद, त्यामुळे मला फक्त आवाज माहीत. सकाळी स्टँडअप: काल काय केलं, आज काय करणार, झालं, म्यूट. पहिलं टिकिट आलं ते जुन्या बिलिंगच्या प्रोग्रॅममधलं. कोड उघडला, टेबलांची नावं वाचून काही बोध होईना. लीडना मेसेज टाकला, ‘सर, पाच मिनिटं मिळतील का?’ हिरवा ठिपका दिसत होता, उत्तर नाही. मीटिंगमध्ये असतील म्हणून दुपारपर्यंत थांबले. मग भीती वाटायला लागली, परत विचारलं तर म्हणतील हिला काहीच येत नाही. संध्याकाळी उत्तर आलं. एक ओळ. त्या ओळीनं सगळं सुटलं. एका ओळीसाठी दिवस गेला, आणि असे दिवस कितीतरी गेले.

मामा : त्या माणसानं वेळेत उत्तर द्यायला हवं होतं. घरून काम करण्याचा यात काय दोष?

भाची : त्यांना मी दिसतच नव्हते. सकाळपासून एकामागून एक कॉल होते त्यांना. शेजारी बसलेलं माणूस अडलं की कळतं. ते तेच पान वरखाली करत राहतं, डोकं धरून बसतं. घरी बसलेलं अडलं काय, मजेत असलं काय, दोन्हीचा ठिपका हिरवाच.

मामा : मग फोन करायचा. मी माझ्या टीममधल्या मुलांना सांगून ठेवलंय, कधीही फोन करा.

भाची : करतात?

मामा : काही करतात.

भाची : जी करत नाहीत, त्यांच्याबद्दल मी बोलतेय.

भाचीचं हे म्हणणं केवळ तिच्या अनुभवापुरतं नाही. नतालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅलेस या तीन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांचा अभ्यास केला. तिथे काही टीम एकाच इमारतीत बसत, काहींची माणसं दोन इमारतींत विभागलेली. एकत्र बसणाऱ्यांना आपल्या कोडवर सहकाऱ्यांकडून जास्त सूचना मिळत होत्या, आणि त्याचा सर्वांत मोठा फायदा नव्या मुलांना आणि बायकांना होत होता. कोरोनात ऑफिसं बंद पडली आणि हा फरक जवळजवळ पुसला गेला. मला या अभ्यासातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते : जवळ बसल्यानं अनुभवी इंजिनिअरांचं स्वतःचं काम कमी होत होतं. शिकवायला वेळ लागतो, तो त्यांच्याच दिवसातून जात होता. म्हणजे अनुभवी माणूस ‘घरी माझं काम जास्त होतं’ म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. ते जास्त झालेलं काम कुठून आलं, हे त्याला घरी बसून दिसत नाही.

मामा : आकड्यांवर जायचं तर माझ्याकडेही आहेत. चीनमधल्या सीट्रिप कंपनीनं २०१० साली शांघायच्या कॉल सेंटरमध्ये प्रयोग केला. घरून काम करायला तयार असलेल्यांतून जन्मतारीख सम की विषम यावर गट पाडले, म्हणजे वशिल्याला जागाच नाही. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं.

भाची : त्या १३ तले ९ टक्के कशातून आले, वाचलंस ना? सुट्ट्या कमी, मधले आराम कमी, म्हणजे माणसं जास्त वेळ बसली. आणि प्रयोग संपल्यावर परत विचारलं, तेव्हा घरी गेलेल्यांतले निम्मे ऑफिसात परतले. एकटं वाटतं म्हणाले. तेवढंच काम करूनही बढती मिळण्याची शक्यता घरी बसणाऱ्यांची कमी होती, हेही त्याच अभ्यासात आहे.

मामा : ती बढती देणाऱ्याची खोड. समोर दिसेल त्यालाच द्यायची.

भाची : असेल. पण आपल्याच देशात, चेन्नईत, डेटा एन्ट्रीच्या कामावर असाच प्रयोग झालाय. चिठ्ठ्या टाकल्यासारखं कुणाला घर, कुणाला ऑफिस. घरी काम करणाऱ्यांचं काम १८ टक्क्यांनी कमी भरलं. त्यातला बराचसा फरक पहिल्याच दिवशी दिसला, आणि उरलेला का? तर ऑफिसातली माणसं भराभर शिकत गेली.

इथे मला दोघांना थांबवावंसं वाटतं. चेन्नईच्या त्या अभ्यासात डेव्हिड ॲटकिन, आंत्वानेत शोर आणि सुमित शिंदे यांना आणखी एक गोष्ट सापडली, ती दोघांपैकी कुणाच्याच बाजूची नाही. ज्यांना घरून काम हवं होतं ती माणसं सुरुवातीच्या चाचणीत इतरांपेक्षा वेगवान आणि अचूक होती. आणि घरी बसवल्यावर सर्वांत जास्त घसरण झाली तीही त्यांचीच. यामागचं एक कारण असं की घर मागणाऱ्यांत लहान मुलं किंवा आजारी माणसं सांभाळणारे, गरीब घरांतले लोक अधिक होते. ज्या कारणासाठी घर हवं, तेच कारण घरी काम होऊ देत नाही. हुशार माणूस घरातल्या जबाबदारीमुळे ऑफिसला जाऊ शकत नाही आणि घरी बसला की तीच जबाबदारी त्याच्या मांडीवर येते. या माणसाला ‘तुझी पसंती काय’ असं विचारणं पुरेसं नाही.

मामा : बरं, टीमचं बोलू. तुम्हा मुलांना वाटतं टीम म्हणजे एका मजल्यावर बसणं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात घुसलं. बाजारपेठ बुडाली, लाइट गेली, नेटवर्क गेलं. आमचं घर वरच्या अंगाला म्हणून वाचलं. त्याच आठवड्यात आमचं डिप्लॉयमेंट होतं, म्हणजे नवा प्रोग्रॅम चालू करायचा होता, आणि मी कुणाला काही कळवू शकलो नाही. नेटवर्क आलं तेव्हा बघतो तर माझं काम आपसांत वाटून घेतलेलं, सगळं वेळेवर गेलेलं. आणि टीममधले दोघं गाडीत पाण्याचे कॅन आणि औषधं भरून कुंभार्ली घाटातून इकडे निघालेले. मी सांगितलंही नव्हतं. कोण म्हणतं लांब राहून टीम राहत नाही?

भाची : ते दोघं कधीपासून तुझ्याबरोबर आहेत?

मामा : एक २००९ पासून. दुसरा त्याच्यानंतर एखाद वर्षानं आला.

भाची : म्हणजे दहा वर्षं एका ओळीत बसलेले. आता तुझ्या १४ जणांतले २०२० नंतर आलेले किती?

मामा : नऊ.

भाची : त्यांच्यातल्या कुणाचं गाव पाण्यात गेलं तर तुला कळेल?

मामा : दोघातिघांचं गाव मला माहीत आहे. मी दर शुक्रवारी प्रत्येकाशी बोलतो, कामाशिवायचं बोलतो. तू म्हणतेस तितका कोरडा नाही मी.

भाची : तू कोरडा नाहीस. मी म्हणते, ते दोघं निघाले त्यामागे दहा वर्षांचे डबे, भांडणं, रात्रीची डिप्लॉयमेंट्स होती. तू आज चिपळुणात ज्यावर टीम चालवतोस ते सगळं हिंजवडीत जमलेलं आहे. नव्या नऊ जणांकडे ते नाही. जुने दोघं उद्या गेले की तुझ्याकडेही उरणार नाही.

मामा यावर लगेच काही बोलत नाही. मला वाटतं या संवादातला सगळ्यात खरा मुद्दा हाच आहे. ऑफिसं बंद झाली तेव्हा काम थांबलं नाही, याचं आपण सगळ्यांनी कौतुक केलं; ते चाललं कारण माणसं एकमेकांना ओळखत होती. मायक्रोसॉफ्टनं २०२० च्या पहिल्या सहामाहीत आपल्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचे ईमेल, कॉल, मीटिंगा यांच्या नोंदी तपासल्या. मजकूर नव्हे, कोण कुणाशी किती बोललं एवढंच. दिसलं ते असं : आपल्या गटातल्या माणसांशी नातं घट्ट राहिलं, दुसऱ्या गटांशी असलेलं विरळ झालं, गटाबाहेरच्यांबरोबर जाणाऱ्या वेळेचा वाटा सुमारे एक चतुर्थांशानं घटला. नव्या ओळखी होणं मंदावलं. त्याच क्षणी होणारं बोलणं एकूण कमी होऊन मेसेज वाढले. टीम मोडत नाही, ती आकसते. आणि आकसलेल्या टीमच्या कडेला कोण असतं? नुकताच आलेला.

मामा : आता माझं ऐक. तुला ऑफिसातलं सगळं चांगलंच वाटतं, कारण तू जुनं ऑफिस पाहिलेलं नाहीस. आमच्याकडे निर्णय कुठे व्हायचे माहितीये? गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर. मॅनेजर सिगरेट ओढायला निघाला की चार जण मागे. परत येईपर्यंत कोण ऑनसाइट जाणार, कुणाला कुठलं मॉड्यूल, सगळं ठरलेलं. बायका त्या टपरीवर नसायच्या. लातूरहून, गोंदियाहून आलेली, इंग्रजी बोलताना अडखळणारी मुलं तिथे असूनही गप्प असायची. साडेपाचला पाळणाघराकडे पळणारीला सगळ्यात शेवटी कळायचं. आमच्या टीममध्ये एक जण व्हीलचेअरवर आहे. त्याला कंपनीची बस कधीच वापरता आली नाही. रोज रिक्षावाल्याची मनधरणी. घरून काम सुरू झाल्यावर त्याची गुणवत्ता सगळ्यांना दिसली, कारण आता ती लिहिलेली असते.

भाची : हे मला मान्य आहे. टपरीचं तर पूर्ण मान्य आहे.

मामा : ऐक पुढे. पूर्वी एखाद्याच्या डोक्यात सगळी सिस्टिम असायची. तो नोकरी सोडून गेला की नोटीस पिरियडमध्ये केटी, म्हणजे त्याच्याकडून कामाची माहिती, घेत बसायचं, आणि तरी निम्मं राहून जायचं. आता मी नियम केलाय : निर्णय झाला की लिहायचा, कुणी घेतला आणि का घेतला तेही. गिटलॅबसारख्या कंपनीनं पहिल्यापासून ऑफिस न ठेवता हेच केलं. त्यांचं कामकाजाचं सगळं पुस्तक कुणालाही इंटरनेटवर वाचता येतं. नवा मुलगा आला तर त्यानं टपरीवर कुणाची मर्जी राखायची गरज नाही. त्यानं वाचायचं.

भाची : लिहिलेलं मिळालं तर सोनंच. पण लिहिलेलं असतं ते ठरलेलं. ठरवताना तू काय काय नाकारलंस, क्लायंट ओरडत असताना आवाज न चढवता कसा बोललास, चूक आपली असताना ती कशी सांगितलीस, हे कुठे लिहून ठेवलंस? मी पहिल्यांदा ऑफिसला गेले तेव्हा आमच्या लीडना फोनवर क्लायंटला ‘मला माहीत नाही, उद्या सांगतो’ म्हणताना ऐकलं. तोवर मला वाटत होतं की असं म्हटलं तर नोकरी जाते. ते एक वाक्य कानावर पडायला मला वर्ष लागलं.

मामा : हे मात्र खरं. मीही तसंच कुणाचं तरी ऐकून शिकलो.

भाची : मग?

मामा : मग माणसांनी दोन-दोन तास प्रवास करायचा का, कानावर काहीतरी पडेल म्हणून?

इथे मला पुन्हा मध्ये बोलावंसं वाटतं. घरून काम ही गोष्ट आपल्याकडे २०२० साली आली, असं बोललं जातं ते मला पटत नाही. सोलापुरात विडी कामगार बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी काम करत आल्या आहेत. तेंदूपत्ता आणि तंबाखू कारखान्यातून न्यायचा, घरी विड्या वळायच्या, परत नेऊन दाखवायच्या. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी नाही. जागा त्यांची, दिवा त्यांचा, हाताशी आलेली लेकरंही त्यांचीच. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानं घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. घरून काम करणाऱ्यांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली करार केला. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांचा पगार वेगळा, प्रतिष्ठा वेगळी. पण जागेचं भाडं, वीज, इन्व्हर्टर, पाठ मोडणारी जेवणाच्या टेबलाची खुर्ची हे सगळं कंपनीच्या खर्चातून निघून घराच्या खर्चात गेलं, ते याच जुन्या वाटेनं.

मामा : लिज्जतचं काय मग? १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम. आज हजारो बायका आपापल्या घरी पापड लाटतात. घर न सोडता कमावतात, आणि कुणाच्या नोकर नाहीत, मालक आहेत. घरून काम माणसाला उभं करू शकतं याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

भाची : लिज्जतच्या बायका रोज सकाळी काय करतात?

मामा : शाखेत जाऊन भिजवलेलं पीठ आणतात.

भाची : आणि कालचे पापड नेऊन देतात. रोज. तिथे ते तपासले जातात, वजन होतं, पैसे मिळतात, आणि नवी आलेली बाई जुनीचे पापड बघते. लाटणं घरी, पण भेटणं रोजचं. पीठ कुरिअरनं घरी पाठवत नाहीत.

हे उत्तर मला फार आवडलं. चर्चा गेली पाच वर्षं घर की ऑफिस, दोन दिवस की तीन, याच्यात अडकली आहे. कुठलं काम एकट्यानं करायचं आणि कुठलं एकत्र, हे लिज्जतनं मुळातच वेगळं केलेलं आहे. तिथे दिवस मोजावे लागत नाहीत.

एवढा वेळ आजीजवळ बसलेली मामी इथे बाहेर येते.

मामी : मला एक सांगायचंय. हे घरून काम करायला लागले तेव्हापासून हे घर दुपारी माझं राहिलेलं नाही. मी मोठ्यानं बोलायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, शेजारीण आली तर खुणेनं सांगायचं. आईंना हे उठवतात, खरं आहे. पण अकराचा कॉल लागला की पुढचं सगळं मीच बघते. हे घरून काम करतात आणि मी घराचं काम करते, त्यात यांच्या ऑफिसची व्यवस्था पण आली.

मामा : हे तू मला कधी बोलली नाहीस.

मामी : तुम्ही सतत मीटिंगमध्ये असता.

सरकारनं २०१९ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्या घरातलं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती. ते करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात चारांत एक होते. २०२४ च्या सर्वेक्षणात बायकांची मिनिटं २८९ झाली. मधली सगळी उलथापालथ होऊन दहा मिनिटं. पुरुष घरी बसला म्हणून घरकाम वाटून घेतलं गेलं नाही. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, रजा २६ आठवड्यांची झाली, आणि रजेनंतर मालक आणि कर्मचारी दोघांच्या संमतीनं घरून काम देता येईल असंही कलम आलं. कलम चांगलं आहे. पण त्याच दुरुस्तीनं ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर असलं पाहिजे, असंही ठरवलं. घरून कामाचा पर्याय हाताशी आला की पाळणाघराची मागणी मागे पडते, ही माझी काळजी आहे.

भाची : मामी, म्हणूनच मला ऑफिस हवंय. पुण्यात आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये राहतो. दोघींचे कॉल एकाच वेळी लागले की एक जण बाथरूममध्ये लॅपटॉप घेऊन बसते. मामाकडे निदान खोली आहे.

मामा : आणि तुझ्या ऑफिसात काय मिळतं तुला? तूच परवा सांगत होतीस.

भाची : हो. टीममधले तिघं नोएडात, दोघं चेन्नईत. मी दीड तास प्रवास करून जाते, हेडफोन लावते आणि त्यांच्याशी कॉलवर बोलते. मॅनेजर ज्या दिवशी येतात त्या दिवशी मी नसते. कार्ड स्वाइप झालं की कंपनीचं समाधान. वर घरी आल्यावर रात्री दहाला अमेरिकेचा कॉल आहेच. सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं विधेयक लोकसभेत २०१८ सालीच मांडलं होतं. त्याचा कायदा झाला असता तर बरं झालं असतं.

मामा : मग पाच दिवस कशाला मागतेस? टीसीएसनं २०२० साली सांगितलं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त माणसं ऑफिसात असायची गरज उरणार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सगळ्यांना पाचही दिवस बोलावलं. दोन्ही वेळी कुणाला शिकवायचंय, कुणाला आई सांभाळायचीय, हे कुठे आलं? सरसकट नियमानं तुझं काम होणार नाही.

भाची : मी पाच मागते, कारण तीन दिलेत की कोणते तीन यावर प्रत्येक जण आपापली सोय बघतो, आणि सोय बघायचा हक्क आधी मोठ्यांना मिळतो. त्या सीट्रिपचंच पुढचं काम आहे, २०२४ साली ‘नेचर’मध्ये आलं. आठवड्याला दोन दिवस घर दिलं, तर नोकरी सोडणारे एक तृतीयांशानं कमी झाले, आणि कामाचं मूल्यमापन किंवा बढती यात फरक पडला नाही. पण तिथे सगळ्यांचे घरचे दिवस एकच होते, बुधवार आणि शुक्रवार. म्हणजे ऑफिसचे तीन दिवस सगळे हजर. माझे तीन दिवस तसे असते तर मी पाच मागितलेच नसते.

मामा : म्हणजे तुला ऑफिस नकोय. तुला आम्ही हवे आहोत.

भाची : हो. मला तुम्ही हवे आहात. तुझ्या त्या नऊ जणांनाही तू हवा आहेस, फक्त ते तुझे भाचे नाहीत म्हणून तुला हे तोंडावर सांगू शकत नाहीत.

मामी : बरोबर बोलतेय ती.

मामा : आणि आईचं काय करू?

यावर उत्तर कोणत्याही अभ्यासात नाही. आईला सोडून टीम सांभाळ, असं भाची म्हणू शकत नाही. मामाची आई तिची आजी आहे. टीमला सोडून आईला सांभाळणं मामालाही आता पूर्वीइतकं सोपं वाटत नाही.

भाची : नवीन मुलं कधी येतात तुमच्याकडे?

मामा : जुलैत. या वेळी सहा आहेत.

भाची : त्यांचा पहिला महिना तू पुण्यात काढ. माझ्या आईकडे राहा, रोज ऑफिसला जा, त्यांच्याबरोबर बस. काम तुझं तू कर, त्यांना फक्त ऐकू दे. तो महिना मी इथे येऊन घरून काम करते. आजीचं मी आणि मामी बघू.

मामी : महिना नको. रात्री आईंना उठवायचं तर दोघी मिळूनही आम्हाला जमायचं नाही. पंधरा दिवस, आणि रात्रीपुरती एक बाई लावायची. तिचे पैसे ठरवून ठेवा आधी.

मामा : पंधरा दिवस मग. परत दिवाळीनंतर पंधरा. तुझे ते तीन दिवस?

भाची : सोमवारी मॅनेजरना मेल टाकते. गेल्या वर्षी एकीनं आईच्या ऑपरेशनसाठी मागितलं, तर ‘स्वाइपचा हिशेब वरून येतो, माझ्या हातात नाही’ म्हणाले. नाही म्हणाले तर रजा टाकेन, पण सगळी नाही टाकता येणार.

मामा : मलाही मागावंच लागेल. आमच्या कंपनीनं दोन मजले सोडून दिले. मी कायमचा घरून म्हणून माझ्या नावावर डेस्कच नाही. एखादा रिकामा बघून द्या म्हणून सांगतो.

भाची : एक नको मागूस. सात माग, एकाच ओळीत.